पेच्चिअक्काचं तोंड आणि चारशे ब्याण्णव धडे

तिरुप्पूरच्या आमच्या बनियनच्या कारखान्यात सकाळी साडेआठला भोंगा होतो, पण चार नंबरच्या लाइनीतलं एकही मशीन भोंग्यावर सुरू होत नाही. ते पेच्चिअक्काच्या हातावर सुरू होतं. अक्का येते, चपला दाराशी काढते, पहिल्या मशीनच्या डोक्यावर दुभत्या म्हशीच्या पाठीवर मारावी तशी एक थाप मारते, आणि मग चाळीस बायका एकदम पाय दाबतात. अक्काची बस चुकली तर लाइन बसून राहते. मॅनेजर नाचिमुत्तु घड्याळ दाखवतो, कपाळ बडवतो, पण त्यालाही आतून धाकधूक असतेच, की तिच्याआधी सुरू केलं आणि मालात खोट निघाली तर?

अक्काला हातगुण आहे, हे रेल्वेफाटकापर्यंत कुणालाही विचारा. नवं मशीन आलं, अक्काचा हात. कुणाच्या पोरीला बघायला यायचे, दाराचं तोरण अक्काच्या हातचं. नाचिमुत्तुनं स्कूटर घेतली तिला पहिली किक अक्कानंच मारली. ती स्कूटर दुसऱ्या महिन्यात चोरीला गेली, तर सगळे म्हणाले, बघा, चोरालासुद्धा पहिल्या किकेत सुरू झाली.

ह्या हातगुणाची सुरुवात मला ठाऊक आहे. मी इथला मशीनचा मेस्त्री. मूळचा आटपाडीकडचा, आमच्याकडची पोरं गलाईला, म्हणजे सोनं गाळायला, मुलूखभर पांगतात, तसा मीही चुलत्याबरोबर कोइमतूरला आलो. तेजाबाचा धूर छातीला मानवला नाही, म्हणून इकडं शिरलो, त्याला बावीस वर्षं झाली. इथली माणसं तमिळ बोलतात, पण माझ्या कानात ती आटपाडीचीच होऊन पडतात, तेव्हा त्यांचं बोलणं मला येतं तसंच सांगतो. तर वीज जायची त्या वर्षांतली गोष्ट. जनरेटर काही केल्या सुरू होईना. मी तासभर झटून शेवटी डिझेलचा बंद राहिलेला कॉक उघडला आणि दांडा मारणार, एवढ्यात अक्का आली. "काय रं, कवाधरनं नखरा चाललाय ह्याचा?" म्हणाली आणि जनरेटरला एक चापट मारली. मी त्याच वेळी दांडा फिरवला. जनरेटर धडधडला. चाळीस बायकांनी चापट बघितली. कॉक कुणी बघितला नाही. मी पण काही बोललो नाही. चापटीपुढं कॉकाला कोण विचारतं?

पेच्चिअम्माळ तिचं पुरतं नाव. पाच फुटाला चार बोटं कमी, वय सत्तावन्न, डोक्यात मोगरा, तोंडात पान, आणि जीभ अशी की ट्रकड्रायव्हरनं वही काढून लिहून घ्यावं. तिचा नवरा पळणीच्या डोंगरावरच्या मुरुगनला जाऊन येतो म्हणून गेला त्याला सव्वीस वर्षं झाली. कुणी विचारलं तर अक्का म्हणते, "चढतोय अजून. पायऱ्या लई हायत तितं."

काम तिचं चेकिंगचं. शिवून आलेला माल ती डोळ्यानं बघत नाही, उलट्या हातानं बघते. टी-शर्टाच्या शिवणीवरून हाताची पालथी बाजू फिरवली की सुटलेला टाका तिला खड्यासारखा टोचतो. डझनानं मोजते, डझनानं परत फेकते. लाइनीतल्या चाळीसच्या चाळीस बायका तिनं शिकवलेल्या. शिकवणं कसलं, वळण लावलं. सुई मोडली की मशीन बंद. मोडलेले सगळे तुकडे अक्काच्या तळहातावर. तुकडे जुळून पुरी सुई होत नाही तोवर लाइनीत कुणाला चहा नाही. एकदा टोकाचा तुकडा सापडेना. दोन तास चाळीस बायका लोहचुंबक घेऊन तीनशे टी-शर्ट उपसत होत्या. चहा निवला, वडे निवले. शेवटी तुकडा निघाला अक्काच्याच अंबाड्यात, मोगऱ्यात अडकलेला. तेव्हापासून नियमात भर पडली: सुई मोडली की आधी आपला अंबाडा बघायचा.

आग लागली तर काय करायचं, त्याचंही वळण होतं. बायकांनी पळत निंबाच्या झाडाखाली जायचं, अक्कानं शेवटी निघायचं, आणि झाडाखाली चाळीस डोकी मोजायची. आग कधी लागली नाही, पण मोजणी दर महिन्याला व्हायची. एकदा एकोणचाळीसच भरली, तर अक्का परत आत जाऊन कोकिळाला संडासातून दार वाजवून घेऊन आली.

अशी लाइन चालली होती, तोवर टॅब आला.

मद्रासच्या हेडऑफिसनं सातही कारखान्यांना पाठवला. लाइनीला एक टॅब आणि एक डोळ्यांवर बांधायचा जाडा चष्मा. परदेशी गिऱ्हाइकाची अट होती, की माल शिवणाऱ्या प्रत्येकीनं बारा धडे पुरे केले पाहिजेत. सुईचा धडा, कात्रीचा धडा, आगीचा धडा, ताठ बसण्याचा धडा. टॅबसमोर आपलं तोंड धरायचं, तो तोंड ओळखतो, आपलं नाव दाखवतो, आणि धडा सुरू. नाचिमुत्तुनं लाइनीपुढं टॅब उंच धरून सांगितलं, "एकेकीनं या, तोंड दाखवा, नाव चढवा."

एकही उठली नाही.

"का गं, काय झालं?"

पुढच्या मशीनवरची सेल्वनायकी म्हणाली, "सर, आडी लागलाय."

आडी म्हणजे आपला आखाडच. त्या महिन्यात इथं लग्न नाही, घरभरणी नाही, कुणी साधी केरसुणी नवी आणत नाही. नव्या वहीवर नाव घालायचं तर दूरच.

"अगं, हे काय लग्न आहे का? बटण दाबायचंय नुसतं."

"लग्नात तर बटणबी नसतंय सर. तरी आडीत करत न्हाईत."

नाचिमुत्तु घामाघूम झाला. त्याला वरून फोन होता, की आजच सुरू झालं पाहिजे. शेवटी अक्का पानाची पिंक टाकून आली. "आणा हिकडं. माझा हात लागल्यावर आडी काय करतोया बघू." तिनं टॅबच्या पाठीवर थाप मारली आणि आपलं तोंड त्याच्यापुढं धरलं. टॅब म्हणाला, "स्वागत आहे, पेच्चिअम्माळ." बायकांना हायसं वाटलं. टॅब सुरू झाला, अपशकुन टळला, आता आपापली पाळी आली की बसायचं.

आणि तसंच पडून गेलं. सकाळी मशीनवर थाप, टॅबला तोंड. जेवणानंतर तो झोपला की पुन्हा हाक: "अक्का, तोंड." अक्का चेकिंगचं टेबल सोडून यायची, तोंड दाखवायची, जायची. मग पाळीची बाई बसून धडा बघायची. आडी संपला, त्याच्यामागचा आवणी महिनाही गेला, पण आता आपापलं नाव चढवावं, हे ना बायकांना सुचलं, ना नाचिमुत्तुला, ना मला. चालत्या मशीनला कोण उघडून बघतं?

धडे मात्र बायकांनी मन लावून बघितले. टॅबमध्ये एक चित्रातली बाई शिकवायची. तिचं बोलणं बातम्यांसारखं शुद्ध, म्हणून तिचं नाव पडलं न्यूजवाली. पाळी एकीची, पण पाठीमागं सात-आठ डोकी असायचीच. आणि दुपारी डबे उघडले, की चिंचभाताबरोबर धडाही मध्ये यायचा.

"न्यूजवाली म्हणती पाठ ताठ ठेवून बसा," सेल्वनायकी सांगायची.

"ताठ बसून टाका कसा दिसंल?" म्हातारी रुक्मणी म्हणायची. "तिला डोळं बोटाला हायत का?"

"स्टूल वर घ्या म्हणती."

"आता तीस वर्षांनी सांगती व्हय. घेऊन बघ गं माझं वर."

स्टूल वर घेतलं. रुक्मणीची पाठ दुखायची थांबली. तिनं कबूल केलं नाही, पण पुन्हा खालीही घेतलं नाही. त्या आठवड्यात चाळीस स्टुलं वर करून घेता घेता माझीच पाठ गेली.

टॅबात चर्चेचा कट्टा म्हणूनही एक सोय होती. सातही कारखान्यांच्या बायकांनी तिथं एकमेकींना प्रश्न विचारावेत, शिकावं, अशी हेडऑफिसची इच्छा. तिथं कुणी फिरकलं नाही. फक्त एकदा कोकिळाचा अंगठा भलत्या जागी पडला, आणि ती शेजारणीला बोलत होती ते तिकडं लिहून गेलं: "माझा चमचा कुणी नेला?" टॅबातल्या यांत्रिक मदतनिसानं लगेच उत्तर दिलं, "फार छान प्रश्न. आपल्या चमच्याविषयी सहकाऱ्यांशी चर्चा करा. अधिक माहितीसाठी धडा सातवा पाहा." कोकिळानं सातवा धडा पुरा बघितला. तो आग विझवायच्या नळकांड्याचा निघाला. "चमचा न्हाई त्यात," ती खाली मान घालून म्हणाली.

अडीच महिन्यांनी, आयुधपूजेच्या आठवड्यात, सोमवारी हेडऑफिसहून भानुरेखा मॅडम आल्या. शिक्षणाचं सगळं खातं त्यांच्याकडं. चाळिशीच्या, स्वच्छ, बोलणं मोजून. बरोबर एक शाल आणि पितळेची पाटी. सगळ्यांना कँटीनच्या शेडमध्ये बसवलं. त्यांनी अक्काला पुढं बोलावून शाल घातली आणि माइक घेतला.

"सात कारखान्यांत मिळून दोन हजार बायका शिकतात. पण ह्या अम्मांनी जे केलं ते कुणी केलं नाही. सत्तावन्नाव्या वर्षी ह्यांनी एकूण चारशे ब्याण्णव धडे पुरे केले. काही धडे तर चाळीस-चाळीस वेळा बघितले. आणि चर्चेच्या कट्ट्यावर प्रश्न विचारणाऱ्या त्या एकट्याच आहेत."

कोकिळानं पदर तोंडात कोंबला.

अक्काला त्यातलं काही उमगलं नव्हतं. शाल मिळाली, ती घेतली. सत्काराला कारण असतंच असं नाही, हे तिला ठाऊक होतं. पण मॅडमचं बोलणं पुढं चाललं. "दुःखाची गोष्ट अशी, की ह्याच लाइनीतल्या बाकीच्या चाळीसजणींनी एकही धडा केलेला नाही." भिंतीवर यादी उमटली. नावं काळी, पुढचे आकडे तांबडे. "शुक्रवारी गिऱ्हाइकाचा माणूस तपासायला येतोय. शून्य असलेल्यांना त्या मालावर बसता येणार नाही. चार नंबरची लाइन मोडून ह्या चाळीसजणींना पेरुमानल्लूर, अविनाशी आणि पल्लडमच्या युनिटांत वाटून देण्यात येईल."

नाचिमुत्तु पुटपुटला, "मी आधीच सांगितलं होतं." त्यानं कधीच काही सांगितलेलं नव्हतं, पण हे वाक्य तो खिशात ठेवतो.

अक्कानं मला खुणेनं जवळ बोलावलं. तिला अक्षर लागत नाही, आकडे लागतात. "मराठी, भिंतीवर शून्यं कशाची रं?"

"धड्यांची. चाळीसजणींची शून्यं."

"आन माझं?"

"चारशे ब्याण्णव."

अक्का क्षणभर शालीच्या काठावर अंगठा फिरवत राहिली. "म्हंजी एकेचाळीस डझन," ती म्हणाली. "आमी एकेचाळीसजणीच हाव."

तीस वर्षं डझन मोजणाऱ्या बाईला जे दिसलं, ते हेडऑफिसच्या कॉम्प्युटरला दिसलं नव्हतं. तिनं सरळ जाऊन माइक धरला. नाचिमुत्तु मागून "अक्का, राहू दे, आपण नंतर" असं काहीतरी म्हणत होता.

"मॅडम, शाल काढून घ्या," अक्का म्हणाली. "माझं एकच डझन. बाकीचं चाळीस डझन ह्या पोरींचं हाय. तोंड माझं, धडं त्येंचं."

मॅडमना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "अम्मा, एका तोंडावर चाळीस माणसं. ह्याला फसवणूक म्हणतात."

"फसवणूक कशी? आडी व्हता."

मॅडमही मद्रासच्याच घरातल्या. त्यांच्या आईनंही आडीत कधी नवं भांडं घेतलं नसणार.

"ते माझ्या नावावरचं ह्यांच्या नावावर करा की. वाटून द्या. बारा-बारा," अक्का म्हणाली.

"तसं करता येत नाही. तुमचेसुद्धा आता पुसावे लागतील." मॅडमनी कपाळ चोळलं. मग म्हणाल्या, एक वाट आहे. धडे न बघता कुणी थेट परीक्षा पास झालं, तर बाराही धडे पुरे धरतात. परीक्षा चष्म्याची. तो डोळ्यांवर बांधला की आपण दुसऱ्याच कारखान्यात उभे असतो. तिथं सुई मोडते, आग लागते, आणि आपण काय करतो ते तो बघतो. वीस मिनिटं. प्रत्येकीला तीन संधी. "पण एकेचाळीसजणी पास व्हायला हव्यात. एक जरी राहिली तरी लाइन अपुरी. उद्या आहे, परवा आहे, गुरुवार आहे..."

"गुरुवारी आयुधपूजा," दहा-बाराजणी एकदम म्हणाल्या. त्या दिवशी हत्यार देवीपुढं असतं. त्याला हात लावत नाहीत.

मॅडम वरमल्या. "हो. विसरलेच मी. मग दोनच दिवस."

त्या दुपारी अक्का टेबलाशी बसून आपला तळवा बघत होती. माल पुढं साचत होता. मला म्हणाली, "मराठी, ह्या हातानं चाळीसजणींचं शून्य केलं बघ."

"हातानं न्हाई अक्का. तोंडानं."

"तोंड तर त्याच्याहून पापी." तिनं पान थुंकलं. "लाइन मोडली तर ह्या हाताची थाप मी कुत्र्याला पण मारायची न्हाई."

मंगळवारी मॅडमनी आधी चाळीसजणींची तोंडं आपापल्या नावावर टॅबात चढवून घेतली आणि परीक्षा सुरू झाली. मला वाटलं होतं बायका घाबरतील. पण चष्म्यात काय चाललंय ते बाहेर भिंतीवर सगळ्यांना दिसायचं, आणि बघतो तर काय, सेल्वनायकी चष्म्यातल्या कारखान्यात घरच्यासारखी वावरत होती. सुई मोडली, मशीन बंद. तुकडे वेचले, जुळवले. मग तिनं दोन्ही हात वर नेऊन स्वतःचा अंबाडा चाचपला. परीक्षेत हे विचारलेलं नव्हतं. तिच्यामागून आलेल्या प्रत्येकीनं अंबाडा चाचपला. मॅडमनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. अडतीसजणी पहिल्या फटक्यात पास झाल्या, दोघी दुसऱ्या. रुक्मणीनं तर चष्मा काढताना विचारलं, "तितली स्टुलं खाली हायत. कुणाला सांगू?"

बुधवारी चार वाजता अक्काची पाळी आली.

मोगरा सांभाळून चष्मा बांधला. सुईचा भाग तिनं अडीच मिनिटांत उरकला. सातही कारखान्यांत तेवढ्या वेगानं कुणी तुकडे वेचले नव्हते. फक्त शेवटचा तुकडा उचलायला वाकताना तिचं कपाळ कँटीनच्या खऱ्या बाकड्यावर आपटलं आणि तिनं बाकड्याला आईवरून शिवी दिली. मग चष्म्यात घंटा वाजली. धूर झाला. भिंतीवर आम्हाला दिसत होतं: हिरवा बाण दाराकडं जातोय, आणि बारा चित्रातल्या बायका मशीनवर बसून शिवतायत. परीक्षा सोपी. बाणामागं चालत दाराबाहेर जायचं.

अक्का बाणाकडं गेलीच नाही. पहिल्या चित्रातल्या बाईपुढं उभी राहिली. "ऊठ गं."

बाई शिवत राहिली.

"ए भवाने, कानात काय घातलंस? धूर दिसंना व्हय? ऊठ."

दुसरीला म्हणाली. तिसरीला दंडाला धरायला गेली, ते हवेत. बाराजणींची आई-आजी काढून झाली. वेळ संपला. भिंतीवर तांबडं अक्षर आलं: नापास.

"अम्मा, त्या चित्रं आहेत," मॅडम समजावून म्हणाल्या. "त्यांना सोडून बाहेर यायचं."

"चित्रं हायत ते मला कळतंय मॅडम. पर तोंडं हायत की त्यांना."

दुसऱ्यांदा अक्का दात चावून बाणामागं निघाली. दारापाशी पोचली. दाराशी तिनं मान वळवली, मागं बाराजणी शिवतच होत्या. "हाडळींनो," असं म्हणून ती परत फिरली. नापास.

आता एकच संधी. साडेचार वाजून गेले होते. नाचिमुत्तु पंख्याखाली उभा राहून घामेजला होता. मॅडम म्हणाल्या, अम्मांनी पाणी प्यावं, शांत व्हावं, डोळे मिटून पाच मिनिटं बसावं. अक्का म्हणाली, "डोळं मिटून काय हुतंय? शेवटी निघायचं, मोजून निघायचं, हे मीच लावलंय. आता माझाच पाय मला काढू दीना."

तिसऱ्यांदा चष्मा बांधला. पुन्हा सुई, पुन्हा तुकडे. पुन्हा घंटा, पुन्हा धूर. अक्का मध्येच खिळून उभी. कोपऱ्यात वेळ उतरत होता, दीड मिनिट, सव्वा मिनिट.

तेव्हा सेल्वनायकी मागून म्हणाली, "अक्का, आमी भाईर हाव."

चष्मा हलला. "कोण? सेल्वी?"

"व्हय. निंबाखाली. आमी सगळ्या भाईर आलोय. आत तूच राहिलीस."

"आन ह्या बसल्यात त्या?"

"त्या पेरुमानल्लूरच्या हायत," रुक्मणी म्हणाली. "त्येंची अक्का येतीया त्येंना न्यायला."

अक्कानं विचार केला. चष्म्यात धूर दाटला. "मोजा," ती म्हणाली.

सेल्वनायकीनं "एक" म्हटलं. रुक्मणीनं "दोन". मागच्या बाकड्यापर्यंत आकडा धावत गेला. नाचिमुत्तु मॅडमकडं बघत होता, की आता ह्या थांबवणार. मॅडमनी नियमाचा कागद काढला, वरून खालपर्यंत वाचला आणि घडी घालून परत ठेवला. "बाहेरच्या आवाजाबद्दल ह्यात काही लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. नाचिमुत्तु म्हणाला, मी आधीच सांगितलं होतं.

"सदतीस." "अडतीस." "एकोणचाळीस."

पुढं कुणी बोललं नाही.

"चाळीस कुटं हाय?" अक्का चष्म्यातून ओरडली. वीस सेकंद राहिले होते. "कोकिळा कुटं हाय?"

आम्ही सगळेच इकडंतिकडं बघायला लागलो. मग मीच धावलो, कारण बावीस वर्षांत मला ती जागा ठाऊक झाली आहे. संडासाच्या दारावर दोन्ही मुठी बडवल्या. "कोकिळा, आकडा सांग. आहेस तिथनं सांग."

"कसला आकडा अण्णा?"

"चाळीस म्हण आधी, मग काय ते कर."

आतून चाळीस एवढं मोठं आलं, की शेडपर्यंत ऐकू गेलं. मी परत पोचलो तेव्हा भिंतीवर अक्का दाराबाहेर पडत होती, सहा सेकंद शिल्लक ठेवून. जाता जाता तिनं मागं बघून त्या बाराजणींना एक शेवटची शिवी घातलीच.

मॅडमनी शाल परत तिच्या अंगावर घालायला घेतली. अक्का म्हणाली, "राहू द्या. रुक्मणीला द्या. पाठीला गरम पडंल." पाटी मात्र ठेवून घेतली. पितळेची होती.

गुरुवारी दाराला केळीचे खांब, फाटकापाशी कोहळा फोडलेला. कात्र्या, माझे पाने, सुयांची डबी, सगळं देवीपुढं मांडलं, आणि मधोमध टॅब आणि चष्मा. सेल्वनायकीनं प्रत्येक हत्याराला ओलं चंदन आणि वर कुंकू लावलं. चुरमुरे आणि हरभऱ्याची उसळ वाटली. कुणी कशाला हात लावला नाही.

शुक्रवारी गिऱ्हाइकाचा माणूस आला. गोरा, उंच, दारात डोकं आपटणारा. त्याला आकडे नको होते, त्याला बघायचं होतं. म्हणाला, एकेकीनं टॅब उघडून दाखवा. सेल्वनायकीनं आपलं तोंड धरलं. टॅब काही बोलेना. रुक्मणीनं धरलं. नाही. कोकिळानं तीन बाजूंनी धरलं. टॅबला एकाही बाईची ओळख पटेना. मॅडमचा रंग उडाला. नाचिमुत्तु माझ्याकडं बघायला लागला आणि मी पान्याकडं.

"अक्का," बायका म्हणाल्या.

अक्का हलली नाही. "माझं तोंड आता त्येला दावायचं न्हाई."

"तोंड नको अम्मा," भानुरेखा मॅडम हळूच म्हणाल्या. "हात लावा नुसता."

त्या शिकलेल्या बाई, पण तेव्हा त्यांनी तसंच म्हटलं. अक्का आली. टॅब उचलला, न्याहाळला, पदराचं टोक त्याच्या वरच्या कडेवरून एकदा फिरवलं, आणि पाठीवर थाप मारून सेल्वनायकीच्या हातात दिला. टॅब म्हणाला, "स्वागत आहे, सेल्वनायकी." मग स्वागत आहे रुक्मणी, स्वागत आहे कोकिळा. गोरा माणूस मान डोलवत चाळीस स्वागतं ऐकत उभा राहिला. लाइन चार आजही जागेवर आहे. त्या दिवसापासून नवा टॅब कुठल्याही युनिटात आला, की आधी मद्रासहून मॅडमचा अक्काला फोन येतो.

टॅबच्या डोळ्यावर, म्हणजे कॅमेऱ्यावर, सेल्वनायकीनं चंदनाचा टिळा लावला होता आणि अक्कानं तो पदरानं पुसला, हे मी दोन हातांच्या अंतरावरून बघितलं. पुसून झाल्यावर अक्कानं माझ्याकडं बघितलं, आणि पदराचं पिवळं टोक कमरेला खोचून टाकलं. जनरेटरच्या कॉकाचंही तिला पहिल्यापासून ठाऊक असावं, असा मला तेव्हापासून संशय आहे. विचारलं मात्र नाही. मशीनं चालू आहेत.